सहा वाफ्यांची ऊब

कारखान्यात तिला सगळे पाराबाई म्हणत. एक तर ॲप्रनच्या खिशात कायम थर्मामीटर, आणि दुसरं म्हणजे नमुन्याच्या बरणीवर तारीख लिहायला कोणी विसरलं की बाईचा पारा चढायला वेळ लागत नसे. हे नाव आधी पाठीमागे पडलं, मग तोंडावर आलं, आणि वीस वर्षांत इतकं रुळलं की एकदा मॅनेजरसाहेबांनी बाहेरच्या पाहुण्यांना तिची ओळख त्याच नावाने करून दिली आणि मग स्वतःच जीभ चावली.

कारखाना कत्तलखान्याला लागून होता. मध्ये एक भिंत, भिंतीत एक फाटक. फाटकातून दिवसभर ढकलगाड्या यायच्या. रक्ताची पिंपं, हाडं, खूर, शिंगं, आणि जनावरांच्या पोटातून निघालेला अर्धवट पचलेला चारा. हाडं मोठ्या बंद टाकीत वाफेवर शिजायची, चरबी निथळायची, मग वाळवून त्यांचा चुरा व्हायचा. रक्त आटून तपकिरी भुकटी व्हायची. चारा तीन महिने कुजवला जायचा. पूर्वी यातलं निम्मं नाल्यात जायचं. हे तिन्ही ठरावीक प्रमाणात मिसळून शेतीसाठी खत करावं, ही कल्पना पाराबाईचीच. कणही वाया जाता कामा नये, असं ती म्हणायची, आणि त्यात तिला खरोखरच काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटायचं. वासाची तिच्या नाकाला सवय झाली होती. बसमध्ये शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची, तेवढीच काय ती त्याची आठवण.

नवं खत बाजारात जाण्याआधी कुठेतरी वापरून बघायला हवं होतं. तिची थोरली बहीण आणि भाऊजी वस्तीबाहेर अर्ध्या एकरात भाजी लावायचे. घर, घरासमोर विहीर, विहिरीपलीकडे वाफे. घरचीच जागा, म्हणून तिने तीच निवडली.

भाऊजींनी उमेदीची तीस वर्षं त्याच कत्तलखान्यात काढली होती. लोखंडी कठड्यांच्या अरुंद गल्लीतून जनावरं एकामागून एक पुढे यायची, आणि गल्लीच्या टोकाला भाऊजी उभे असायचे, जनावराला बेशुद्ध पाडायचं यंत्र हातात घेऊन. ते ओरडत नसत, काठी उगारत नसत. जीभ टाळूला लावून नुसतं चुचकारायचे. बिथरलेलं जनावरसुद्धा त्यांच्या चुचकारण्याने मान खाली घालून पुढे येतं, अशी त्यांची ख्याती होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ना कसला पश्चात्ताप बोलून दाखवला, ना फुशारकी मारली. "काम होतं, केलं," एवढंच म्हणायचे. मग कुदळ हातात घेतली आणि कोबी लावला.

पाराबाईने बारा वाफे आखून घेतले. सहांत नवं खत, सहांत काहीच नाही, म्हणजे फरक कळेल. खताचे सहा विहिरीच्या अंगाला, तीन-तीनच्या दोन रांगांत, मध्ये जेमतेम एक माणूस चालेल एवढी वाट. दर रविवारी सकाळी नऊला तिने यायचं, रोपांची उंची मोजायची, पानं मोजायची, आणि बोटभर खोलीवर मातीचं तापमान घ्यायचं, असं ठरलं.

पहिल्या रविवारी साध्या वाफ्यांत एकवीस अंश आले. खताच्या वाफ्यांत अडतीस पॉइंट सहा.

तिला त्याचं विशेष वाटलं नाही. कुजणाऱ्या गोष्टीला ऊब असतेच. वहीत आकडे लिहिले, ताईकडे चहा घेतला आणि ती घरी गेली. बसमध्ये आकडे पुन्हा वाचताना मात्र ती थबकली. सहा वाफे, प्रत्येकात चार ठिकाणी थर्मामीटर खुपसलेला, चोवीस आकडे, आणि चोवीसही सारखे. कुजण्याची ऊब अशी कधी नसते. मध्ये जास्त असते, कडेला कमी, आज एवढी तर उद्या तेवढी.

दुसऱ्या रविवारी तिने दुसरा थर्मामीटर नेला. अडतीस पॉइंट सहा. तिसऱ्या रविवारी प्रयोगशाळेतला, दर महिन्याला तपासून घेतला जाणारा नेला. बोटभर खोल, वीतभर खोल, मध्ये, कडेला. अडतीस पॉइंट सहा.

चौथ्या रविवारी कडाक्याची थंडी होती. साध्या वाफ्यांवर दव गोठून पांढरं झालं होतं. खताच्या सहा वाफ्यांवरून वाफ निघत होती. पाराबाई विहिरीच्या कठड्याला टेकून बघत राहिली. गरम मातीवर थंड हवा लागली की वाफ निघणारच, यात नवल नव्हतं. पण ती सलग निघत नव्हती. यायची, थांबायची. पुन्हा यायची, थांबायची. साही वाफ्यांवरून, पण एकाच वेळी नाही. प्रत्येकाची लय वेगळी.

तिने घड्याळ काढून मोजलं. मिनिटाला सव्वीस. शेजारच्याची तीस. वहीत ते कुठल्या रकान्यात लिहावं हे तिला कळेना, म्हणून तिने समासात लिहिलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत कत्तलखान्याचा जनावरांचा डॉक्टर तिच्या टेबलाशी गप्पा मारायला आला. तो असाच यायचा, तिच्या डब्यातलं काहीतरी उचलायचा आणि हवापाण्याचं बोलायचा. वही उघडीच होती. त्याने ती आपल्याकडे वळवली, बोट फिरवत आकडे वाचले.

"कुणाची आहेत ही?" तो म्हणाला.

"काय?"

"जनावरं. सहा दिसतायत, मोठी; वासराचं अंग याहून जरा गरम लागतं. ताप नाही, श्वास व्यवस्थित." त्याने वही परत ढकलली. "एकदम ठणठणीत. यांना काही औषध द्यायची गरज नाही."

पाराबाईने वही मिटली. 

त्याच गोण्यांतलं खत आणखी दोन शेतांवर गेलं होतं. तिने दोन्हीकडे फोन केला. तिथली माती हाताला गार. खत बरं आहे, पिकाला चांगलं लागलंय, म्हणाले. म्हणजे खतात काही नव्हतं. मग ते होतं कशात?

पुढच्या रविवारी भाऊजी तिला शेताच्या मागच्या फाटकापाशीच भेटले. ते तिचीच वाट बघत होते.

"मागून जाऊ नकोस," ते म्हणाले. "विहिरीकडून जा. समोरून. येताना दिसशील अशी."

"कुणाला दिसायचंय मला, भाऊजी?"

भाऊजी वळले. तिच्यापुढे चालत गेले. वाफ्यांजवळ आल्यावर त्यांची चाल मंदावली आणि त्यांनी हलकेच चुचकारलं. तीस वर्षांची सवय, पाराबाईच्या मनात आलं. पण कोबीची पानं, जी वारा नसताना उगाच हलत होती, ती स्थिर झाली.

ती उकिडवी बसली. उन्हं वर आली होती, माश्या घोंघावत होत्या. रक्ताच्या भुकटीवर माश्या येणारच. एक माशी दोन रोपांच्या मधल्या उघड्या मातीवर बसली.

माती थरथरली.

हातभर लांबीचा तेवढाच पट्टा, क्षणभर. म्हशीच्या पाठीवर माशी बसली की तेवढीच कातडी कशी थरथरते, तशी. माशी उडाली. पुन्हा बसली. माती पुन्हा थरथरली.

पाराबाईचा तोल गेला. ती तशीच मागे बसली, ओल्या पाटात. भाऊजींनी हात देऊन तिला उठवलं. त्यांचा हात गार होता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तू पहिल्यांदा मोजून गेलीस ना, त्याच्याही आधीपासून."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलणार? तू शिकलेली. म्हटलं, तुझ्या वहीत येईल तेव्हा येईल."

घाबरली होती तरी ती पाराबाई होती. तिने बरणी काढली, चमचा काढला आणि चौथ्या वाफ्याच्या कडेची मूठभर माती घेतली. चमचा आत गेला तेव्हा त्या वाफ्यातली सगळी रोपं एकदम एका अंगाला झुकली, तिच्यापासून दूर. भाऊजी भराभर चुचकारत राहिले. बरणी तिच्या हातात उबदार होती. बसमध्ये मांडीवर असतानाच ती गार पडली. प्रयोगशाळेत तिने त्या मातीचं जे जे तपासता येतं ते सगळं तपासलं. ओलावा, नत्र, स्फुरद, क्षार. सगळं पुस्तकात लिहितात तसं. तिने मॅनेजरसाहेबांना फक्त तापमानाचं सांगितलं. साहेब म्हणाले, "माती गरम आहे, कोबी चांगला आहे. मग तक्रार कुणाची आहे? कोबीची?"

आठवड्याने ती गेली तेव्हा चौथ्या वाफ्याच्या त्या कडेला, जिथून तिने माती काढली होती, तिथे काळपट, कडक पापुद्रा धरला होता. बाजूची माती जराशी सुजल्यासारखी वर आली होती. खपली होती ती. दुसरा शब्द नव्हता.

त्या दिवशी तिने ठरवलं की हे संपवायचं. सहाही वाफे वीतभर खोल खणून काढायचे, माती ताडपत्रीवर पसरून उन्हात सुकवायची, मग कारखान्याच्या भट्टीत टाकायची. खत तिने आणलं होतं, तेव्हा निस्तरणंही तिचंच काम. बुधवारी रजा टाकून ती दोन फावडी आणि ताडपत्री घेऊन पोचली. ताई दारातच उभी होती. आठ दिवसांत तिचा चेहरा उतरला होता.

"कर बाई काय करायचं ते," ताई म्हणाली. "हे दिवसभर तिथेच असतात. जेवायला हाक मारली तर म्हणतात, आता पाठ फिरवता येत नाही."

भाऊजी ऐकत होते.  मग त्यांनी पाराबाईच्या हातातलं फावडं काढून घेतलं.

"मी करतो. तू मागच्या फाटकापाशी थांब."

"दोघं मिळून लवकर होईल."

"नको. तुझी त्यांना सवय नाही. आणि हे असलं काम नवख्याचं नाही."

दुपारचे बारा वाजत आले होते. लख्ख ऊन होतं. रस्त्याने एक सायकलवाला गेला, त्याने भाऊजींना हात केला. भाऊजी दोन रांगांमधल्या वाटेत शिरले. चुचकारत, हळूहळू, समोरून. पानं स्थिर होती. तिसऱ्या आणि चौथ्या वाफ्याच्या मध्ये ते थांबले. त्यांनी फावडं उचललं आणि चुचकारणं थांबवलं.

का थांबवलं, हे पाराबाईला नंतर कितीदा तरी विचारावंसं वाटलं. जुनी सवय असेल. गल्लीच्या टोकाला, हातातलं यंत्र टेकवण्याच्या क्षणी, ते असेच गप्प होत असतील.

फावडं मातीत गेलं.

काही झालं नाही. निदान दिसण्यासारखं काही झालं नाही. पानं हलली नाहीत, माती उसळली नाही. फक्त माश्या उठल्या, साही वाफ्यांवरच्या, एकदम, आणि हवेतच राहिल्या.

मग भाऊजींचा सदरा दोन्ही बाजूंनी अंगाला चिकटला.

त्यांचे हात फासळ्यांवर दाबले गेले. फावडं सुटलं, पण पडलं नाही. त्यांच्या मांडीपाशी तिरकं अडकून राहिलं.

त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. छातीत हवाच नव्हती.

पाय जमिनीवरून उचलले गेले. फार नाही, चार बोटं. गर्दीत माणूस उचलला जातो तसे. आणि तशाच अवस्थेत ते वाटेतून सरकू लागले, इंच-इंच, पुढे, टोकाकडे.

ताई किंचाळली. पाराबाई धावली ती आधी मागच्या बाजूने, जवळ पडेल म्हणून. दहा पावलांवर ती थांबली. समोर काहीही नव्हतं, नुसता कोबी होता, पण चेहऱ्यावर गरम, ओला श्वास आला. चाऱ्याचा वास. वीस वर्षांत तिला ज्याचा वास येईनासा झाला होता, ते सगळं एका दमात तिच्या नाकात शिरलं.

ती वळसा घालून विहिरीकडून आली. समोरून. हात खाली ठेवून, सावकाश, धावायचं नाही असं स्वतःला बजावत. तिने जीभ टाळूला लावली. तोंड कोरडं पडलं होतं, पहिल्यांदा आवाजच निघाला नाही. दुसऱ्यांदा निघाला.

ती चुचकारत राहिली.

भाऊजींचे पाय जमिनीला टेकले. फावडं खाली पडलं. मग ते गुडघ्यांवर आले आणि तिने त्यांना काखेत हात घालून वाटेबाहेर ओढलं, चुचकारत, पाठ न फिरवता.

पाच फासळ्या मोडल्या होत्या. इस्पितळातला डॉक्टर छातीचा फोटो उजेडापुढे धरून म्हणाला, "अंगावर भिंत पडली की एका बाजूने लागतं. हे दोन्ही बाजूंनी आहे. नेमकं काय झालं?" भाऊजींनी सांगितलं, पडलो. नंतर जवळ दुसरं कोणी नसताना पाराबाईने त्यांना तेच विचारलं. त्यांना बोलताना त्रास होत होता. ते छताकडे बघत म्हणाले, "ढकललं नाही कोणी. गर्दी होती."

पाराबाईने अहवालात 'चाचणी अपूर्ण' एवढंच लिहिलं. खत बाजारात गेलं. चांगलं चाललं. कुठूनही तक्रार आली नाही. ती मात्र महिनाभर ताईकडे फिरकली नाही. फोनवर बोलायची, भाऊजींची चौकशी करायची, आणि विहिरीपलीकडचं काही विचारायची नाही. ताईही सांगायची नाही. शेवटी तिने कत्तलखान्यापासून लांब, दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांची जागा बघितली आणि एका रविवारी सकाळी मन घट्ट करून ती सांगायला गेली.

भाऊजी आतल्या खोलीत खुर्चीवर होते. छातीला पट्टा होता. खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली होती. त्यांनी मान हलवून तिला ये म्हटलं आणि पुन्हा बाहेर बघू लागले.

ताई अंगणात बादलीत पाणी ओढत होती. तिचा चेहरा आता उतरलेला नव्हता. उलट भरल्यासारखा दिसत होता. पाराबाईने जागेचं सगळं सांगितलं. हवेशीर आहे, बस दारात येते, डॉक्टर जवळ आहे.

"कुठे जायचं आता," ताई म्हणाली. "आणि गेलोच तर यांना कोण बघणार?"

"भाऊजींना बरोबरच न्यायचंय की. त्यांना काय इथे ठेवून जाणार आहोत?"

ताईने भरलेली बादली कठड्यावर टेकवली. तेव्हा पाराबाईच्या लक्षात आलं की ताईची नजर खिडकीकडे नव्हती. ती विहिरीपलीकडे बघत होती.

कोबी कापणीला येऊन फुटला होता, पण कोणी कापला नव्हता. सहा वाफे तण काढून स्वच्छ ठेवलेले होते. दोन रांगांमधल्या वाटेच्या तोंडाशी एक मोठा लोखंडी टप होता. ताईने बादली उचलली, समोरून गेली, चुचकारलं आणि टपात ओतली. पाराबाई तिच्या मागोमाग गेली. टपाच्या काठावर बुळबुळीत, चिकट धागे लोंबत होते, उन्हात चकाकत होते. तिने थर्मामीटर काढला, कारण हातांना दुसरं काही सुचत नव्हतं. पहिला वाफा, दुसरा, तिसरा. अडतीस पॉइंट सहा. चौथ्याची खपली गळून गेली होती. पाचवा, सहावा. तेच.

सहाव्या वाफ्याला लागून, जिथे तिने कधी खताचा कणही टाकला नव्हता, तिथे सुपाएवढी जागा ओलसर आणि काळी दिसत होती. तिने तिथेही खुपसला.

एकोणचाळीस पॉइंट दोन.

"ताई," ती म्हणाली. "इथे काय घातलंस?"

"काही नाही. परवापासून आहे."

ताई घरात गेली आणि एक उथळ तसराळं घेऊन आली. पदराने पुसून तिने ते त्या ओलसर जागेजवळ ठेवलं, जमिनीत जरासं दाबून बसवलं, आणि उरलेलं पाणी त्यात ओतलं.

"टपाचा काठ उंच पडतो त्याला," ती म्हणाली, आणि बहिणीचा हात धरून दोन पावलं मागे सरकली.

तसराळ्यातलं पाणी आधी नुसतं हललं. मग थांबत थांबत, थोडं थोडं करून, ते खाली जाऊ लागलं.